बोरीवरचा रेशीम पतंग आणि गेरँ-मेनव्हील

एपिफोरा बौहिनिई हा आफ्रिकेतील रानटी रेशीम पतंग. त्याच्या शास्त्रीय नावापुढे गेरँ-मेनव्हील हे आडनाव कंसात लिहितात. कंसाचा अर्थ असा, की जातीचे नाव त्यांनी दिले, पण पतंगाचा वंश पुढे बदलला.

फेलिक्स एदुआर गेरँ यांचा जन्म 1799 चा, फ्रान्समधील तुलाँ गावचा. आडनावाला मेनव्हील जोडले ते 1836 साली. त्याआधीच, 1832 मध्ये, त्यांनी या पतंगाला बौहिनियावरून, म्हणजे आपटा-कांचनाच्या वंशावरून नाव दिले. गंमत अशी, की त्याच्या अळ्या बोरीच्या वंशातील झाडांचा पाला खातात! नाव मात्र नियमाप्रमाणे तेच राहिले.

1850 नंतर पेब्रिन रोगाने फ्रान्समधील तुती रेशीम उत्पादकांचे कंबरडे मोडले. तेव्हा गेरँ-मेनव्हील यांनी दुसरा कीटक पुढे आणला. आपल्या महारुखाच्या भाऊबंदातील एका झाडावर वाढणारा, एरीचा जवळचा नातलग. त्याच्या प्रसारासाठी त्यांनी कित्येक वर्षे वेचली. पण शेतकऱ्यांना हात दिला तो पाश्चर यांच्या मादी पतंग तपासणीने. अंडीपुंज केंद्रात आजही मादी तपासूनच अंडी ठेवतात. त्या नव्या कीटकाचा रेशीम उद्योग फ्रान्समध्ये काही टिकला नाही. गेरँ-मेनव्हील 1874 मध्ये पॅरिसला वारले.