संत बर्नार्ड

स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर, आल्प्स पर्वतात, सुमारे २,४७० मीटर उंचीवर एक प्राचीन घाट आहे. फार पूर्वीपासून व्यापारी आणि रोमला निघालेले यात्रेकरू या वाटेने जात. परंतु ती वाट मोठी बिकट होती. वर्षातील बहुतेक महिने तेथे बर्फ असे. हिमवादळात सापडून कित्येकांचे प्राण जात. काहींना वाटेत लुटारू गाठीत.

घाट उतरून इटलीत गेले की आओस्ता हे नगर लागते. अकराव्या शतकात तेथे बर्नार्ड नावाचे ख्रिस्ती धर्माधिकारी होते. वाटसरूंचे हाल त्यांना ठाऊक होते. पण नुसते हळहळून ते स्वस्थ बसले नाहीत. १०५० च्या सुमारास त्यांनी ऐन घाटमाथ्यावर धर्मशाळा उभारली. तेथील साधू बाराही महिने त्या बर्फात राहत. ते वाटसरूंना अन्न, ऊब व निवारा देत आणि वाट चुकलेल्यांचा शोध घेत. सतराव्या शतकापासून तेथे धिप्पाड कुत्रीही पाळली जाऊ लागली. त्यांपैकी बॅरी नावाच्या कुत्र्याने चाळीस माणसांचे प्राण वाचविले, असे सांगतात.

बर्नार्ड यांनी नोव्हारा येथे देह ठेवला. घाटाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. १९२३ साली पोपनी त्यांना गिर्यारोहकांचे रक्षक संत म्हणून गौरविले. १९६४ साली डोंगराखालून बोगदा झाला आणि प्रवास सुखाचा झाला. तरीही घाटमाथ्यावरील त्या धर्मशाळेचे दार पांथस्थासाठी आजही उघडे आहे.