रखमाबाईंचा नकार आणि वेदीसमोरचा होकार



लग्नाची नोंद करण्यासाठी जोडपी येतात तेव्हा मुलगा आणि मुलगी यांना आम्ही वेगवेगळे बसवून काही प्रश्न विचारतो. त्यांतला एक प्रश्न असा असतो, की हे लग्न तुम्ही स्वतःच्या इच्छेने करत आहात ना, कुणाचा दबाव तर नाही ना? बहुतेक जण हसून हो म्हणतात. क्वचित एखादी मुलगी उत्तर देण्याआधी दाराकडे बघते. दाराबाहेर आई-वडील बसलेले असतात. हॉल ठरलेला असतो, पत्रिका छापून झालेल्या असतात. अशा वेळी आम्हांला डॉ. रखमाबाईंची आठवण होते. म्हणून या रविवारी त्यांचे चरित्र थोडक्यात सांगत आहोत.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्या अगदी लहान असतानाच वडील जनार्दन पांडुरंग वारले. आई जयंतीबाई तरुणपणीच विधवा झाल्या. त्यांच्या सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे करून जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. सखाराम अर्जुन हे मुंबईतले नावाजलेले डॉक्टर आणि वनस्पतींचे अभ्यासक. नात्याने ते सावत्र वडील, पण मुलीला विद्येची गोडी लागली ती त्यांच्या घरात.

तरीही काळाची रीत त्या घरालाही चुकली नाही. वयाच्या ११व्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी या १९ वर्षांच्या मुलाशी लावण्यात आले. तो सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला होता. मुलीला कुणी काही विचारले नाही. त्या काळी विचारत नसत. दादाजीने सासऱ्याकडे राहावे, शिकावे आणि मार्गी लागावे असे ठरले होते. पण त्याचे शिक्षणात मन रमले नाही, आणि तो आपल्या मामाच्या घरी राहायला गेला. रखमाबाई आईकडेच राहिल्या. शाळा सुटली होती, पण वाचन सुटले नाही. एका ख्रिस्ती मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्या घरीच अभ्यास करीत. वर्षे गेली आणि आपले लग्न ज्याच्याशी लावले आहे त्याच्याबरोबर आपण संसार करू शकणार नाही, हे त्यांच्या मनाने घेतले.

१८८४ साली दादाजीने पत्नीचा ताबा मिळावा म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. जी मुलगी कधी नवऱ्याच्या घरी नांदलीच नाही, जिचे लग्न तिच्या अजाणत्या वयात झाले, तिला मोठेपणी बळजबरीने त्या घरात पाठवणे त्यांना माणुसकीला सोडून वाटले. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली, ती आपण सर्वांनी ऐकण्यासारखी आहे. असा दावा लावण्याची सोय हिंदू धर्मशास्त्रातून आलेली नव्हती. ती इंग्लंडच्या कायद्यातून आली होती, आणि त्या कायद्याचे मूळ तिथल्या धर्मन्यायालयांत होते. म्हणजे चर्चच्या न्यायालयांतून निघालेले हत्यार मुंबईच्या एका मुलीवर उगारले गेले! खुद्द इंग्लंडात अशा प्रकरणी तुरुंगात टाकण्याची शिक्षा १८८४ सालीच रद्द झाली होती.

निकालावर गदारोळ उठला. दादाजीने अपील केले. १८८६ साली अपिलात तो निकाल रद्द होऊन खटला पुन्हा चालवण्याचा आदेश झाला. लोकमान्य टिळकांसारखे मोठे पुढारीही रखमाबाईंच्या विरोधात होते. इंग्रज सरकारच्या न्यायालयाने आमच्या रीतिरिवाजांत ढवळाढवळ करू नये, असा त्या बाजूचा आग्रह होता. बेहरामजी मलबारी आणि पंडिता रमाबाई यांनी रखमाबाईंचा कैवार घेतला. पण कायद्याच्या वादापेक्षा जास्त बोलले गेले ते त्यांच्या चारित्र्याबद्दल. मुलगी शिकली म्हणून बिघडली, आई आणि आजोबा मालमत्तेसाठी तिला फूस लावतात, असे आरोप झाले. आधार देणारे सखाराम अर्जुन एप्रिल १८८५ मध्येच वारले होते. रखमाबाईंनी नाव न देता इंग्रजी वर्तमानपत्रात पत्रे लिहून बालविवाहाने स्त्रीचे आयुष्य कसे खुंटते ते मांडले होते.

४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला. एक तर नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तेव्हा रखमाबाई २२ वर्षांच्या होत्या. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. ही बातमी इंग्लंडपर्यंत गाजली. शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजीने आपला आग्रह सोडला आणि तुरुंग टळला. राणी व्हिक्टोरियाने हे लग्न मोडले असे अनेक ठिकाणी सांगितले जाते, पण खरी गोष्ट ही तडजोडीची आहे.

पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांच्या प्रोत्साहनाने रखमाबाई १८८९ साली लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. परत आल्यावर सुरतेला आणि नंतर राजकोटला त्यांनी सुमारे ३५ वर्षे स्त्रियांची सेवा केली. ज्यांच्यावर नको ते आळ घेतले गेले त्या रखमाबाईंनी पुन्हा लग्न केले नाही. १९०४ साली दादाजी वारला तेव्हा त्यांनी विधवेची पांढरी साडीही नेसली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ९०व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

बंधू-भगिनींनो, आपली ख्रिस्तसभा शतकानुशतके शिकवत आली आहे, की लग्न घडते ते वधू-वरांच्या स्वखुशीच्या संमतीने. ती संमती आई-वडीलही त्यांच्या वतीने देऊ शकत नाहीत. बळजबरीने किंवा भीतीपोटी दिलेला होकार आपल्या धर्मकायद्यानुसार लग्नाला पुरत नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही शिकलो होतो, की ज्याला नाही म्हणण्याची वाट मोकळी नाही, त्याच्या होकाराला अर्थ नाही. मात्र शिकवण चांगली असली म्हणून छाती फुगवू नये. रखमाबाईंच्या लग्नाच्या काळी आपल्या धर्मकायद्यातही मुलीच्या लग्नाचे किमान वय १२ वर्षेच होते. १९१७ सालच्या संहितेत ते १४ झाले. शिकायला सर्वांनाच वेळ लागला.

आज ११ वर्षांच्या मुलीचे लग्न कुणी लावणार नाही. पण आपल्या माणच्या परिसरात काय बदलले, काय नाही? शेताच्या जागी कंपन्या उभ्या राहिल्या, मुली संगणकासमोर बसून कमावू लागल्या. घरात मात्र अजून तेच वाक्य ऐकू येते: लोक काय म्हणतील? मुलगी कुणाशी बोलताना दिसली की घाईघाईने स्थळ शोधायचे. साखरपुडा झाल्यावर मुलाचे दोष कळले तरी गप्प बसायचे, कारण मोडलेल्या साखरपुड्याची चर्चा होते. मुलांवरही दबाव येतोच. असा होकार वेदीपर्यंत पोहोचतो, आमच्या वहीतही उतरतो, पण देवासमोर तो कितपत उभा राहील?

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. हॉल ठरवण्याआधी मुलांना विचारा, आणि नाही हे उत्तर ऐकण्याची तयारी ठेवून विचारा. तरुणांनो, मनात शंका असेल तर लग्नाच्या आदल्या दिवशीही आमच्याकडे या. थांबलेल्या लग्नात लाज नाही. मनाविरुद्ध लागलेले लग्न मात्र आयुष्यभर सलते. आणि बाकी सर्वांनी एवढे करावे, की कुणाचे लग्न मोडल्याचे कानावर आले तर ते आपल्याच कानाशी थांबवावे.

नाझरेथच्या एका मुलीला देवाने आधी विचारले आणि तिच्या होकाराची वाट पाहिली. तिच्याबद्दल शंका आली तेव्हा योसेफाने तिची अब्रू चव्हाट्यावर आणायचे नाकारले. देवाने जिथे वाट पाहिली, तिथे आपण घाई का करावी? पवित्र मरीया आणि संत योसेफ आपल्या घरांना ही समज देवोत.