लिव्हिंग्स्टनचं मिशन बंद पडलं, पण त्याने सोडून दिलेल्या राजाने चर्च वाढवलं

डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन म्हटलं की आफ्रिकेच्या नकाशावरच्या कोऱ्या जागा भरणारा संशोधक आठवतो. व्हिक्टोरिया धबधब्याला राणीचं नाव देणारा, मग कित्येक वर्षं जगाच्या नजरेआड गेलेला आणि स्टॅन्लेला सापडलेला. पण हा माणूस आफ्रिकेत गेला होता तो मिशनरी म्हणून, आणि त्या कामात तो सपशेल अपयशी ठरला असं बरेच जण मानत. त्याच्या नावावर धर्मांतर जमा आहे ते एकाच माणसाचं. तोही घसरला असं ठरवून लिव्हिंग्स्टन निघून गेला.

खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते.

लिव्हिंग्स्टनचा जन्म १८१३ चा, स्कॉटलंडमधल्या ब्लँटायरचा. दहाव्या वर्षी तो सूतगिरणीत कामाला लागला. दिवसभर गिरणी आणि रात्री अभ्यास, असं करत तो डॉक्टर झाला. लंडन मिशनरी सोसायटीने पाठवल्यावर १८४१ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेतल्या कुरुमानला पोहोचला. ते ज्येष्ठ मिशनरी रॉबर्ट मॉफट यांचं ठाणं होतं. त्यांची मुलगी मेरी हिच्याशी त्याचं पुढे लग्न झालं.

एका जागी टिकणं मात्र त्याला जमलं नाही. माबोत्साला मिशन उभं केलं, तिथे सिंहाने डावा हात फोडला. मग चोनुआने. तिथे पाणी नाही म्हणून १८४७ मध्ये कोलोबेंग. हे ठिकाण आजच्या बोट्स्वानात येतं.

कोलोबेंगला त्याच्यासोबत आला बक्वेना लोकांचा राजा सेचेले. हा माणूस विलक्षण होता. अक्षरं त्याने दोन दिवसांत शिकून घेतली असं सांगतात. मॉफट यांनी सेत्स्वाना भाषेत केलेलं बायबलचं भाषांतर तो तासन् तास वाचत बसे. १ ऑक्टोबर १८४८ ला त्याने बाप्तिस्मा घेतला. त्यासाठी पाचपैकी चार बायकांना माहेरी पाठवलं. जमातीला हे अजिबात रुचलं नाही. त्या बायकांची घराणी दुखावली. शिवाय सेचेले हाच पाऊस पाडणारा मानला जाई. त्याने ते विधी सोडले आणि नेमका दुष्काळ पडला. लोकांनी दोष नव्या धर्माला दिला.

काही महिन्यांतच सोडलेल्या बायकांपैकी एकीला सेचेलेपासून दिवस गेल्याचं कळलं. त्याने चूक कबूल केली, पण लिव्हिंग्स्टनने त्याला प्रभुभोजनातून बाजूला केलं. तिथून लिव्हिंग्स्टनचं लक्ष उत्तरेकडे, नव्या वाटा शोधण्याकडे लागलं. १८५२ मध्ये तो बायकामुलांना इंग्लंडला रवाना करायला केपटाऊनला गेला. त्याच वर्षी बोअर लोकांनी सेचेलेवर हल्ला केला, बायकामुलं पळवून नेली. कोलोबेंगचं लिव्हिंग्स्टनचं घर लुटलं, औषधं आणि पुस्तकं नासवली. मिशन संपलं ते कायमचं.

मग चर्चही संपलं का?

नाही. गाऱ्हाणं घेऊन सेचेले व्हिक्टोरिया राणीला भेटायला निघाला, केपटाऊनपर्यंत गेला आणि पैसे संपल्यावर परत फिरला. घरी येऊन त्याने उपासना स्वतः चालवायला सुरुवात केली. तो वाचायला शिकवायचा, प्रार्थना घ्यायचा, शेजारच्या जमातींतही प्रचार करायचा. १८५७ मध्ये जर्मन मिशनरी आले, पुढच्या दशकात लंडनवाल्यांनीही पुन्हा माणूस पाठवला. पण तोवर मधल्या काळात चर्च सांभाळलं होतं ते सेचेलेने. १८९२ मध्ये तो वारला, तेव्हा बक्वेनांमध्ये ख्रिस्ती धर्म रुजला होता. एकोणिसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेच्या भागात त्याच्याइतका प्रचार क्वचितच एखाद्या युरोपियन मिशनऱ्याने केला असेल, असं मानणारे इतिहासकार आहेत.

हे का जमलं? पुस्तक लोकांच्या भाषेत होतं. ते वाचणारा आणि शिकवणारा माणूस तिथलाच होता, आणि त्याच्या शब्दाला वजन होतं. तिसरं कारण मिशनऱ्यांना पचणारं नव्हतं. त्यांची नजर हटल्यावर सेचेलेने धर्म आपल्या पद्धतीने चालवला. पावसाचे विधीही पुन्हा केले आणि बायबलही सोडलं नाही. जमातीला राजा आणि धर्म यांतलं एक निवडावं लागलं नाही.

मिशन बंद पडलं की चर्च वाढतंच, असंही नाही. लिव्हिंग्स्टनच्याच सांगण्यावरून १८६१ मध्ये आजच्या मलावीत मागोमेरोला दुसरं मिशन उभं राहिलं. पुढच्याच वर्षी बिशप मॅकेन्झी तापाने गेले, थोड्याच काळात मिशनने झांझिबारला मुक्काम हलवला. मागे काम पुढे नेणारा सेचेले तिथे तयार झालेला नव्हता.

लिव्हिंग्स्टनच्या शेवटी महाराष्ट्राचाही धागा आहे. १८६५ मध्ये त्याने नाशिकच्या शरणपूरमधून गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकी मुलं सोबत नेली. नाशिकलाच शिकलेला जेकब वेनराईट नंतर जाऊन मिळाला. १ मे १८७३ ला आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारला. तेव्हा त्याचं हृदय तिथेच पुरलं गेलं आणि अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती वेनराईटने. चुमा, सुसी आणि साथीदारांनी त्याचा देह हजार मैलांहून अधिक वाहून किनाऱ्यावर आणला. एकही गोरा मिशनरी सोबत नव्हता.