मेरीची अट

एप्रिल महिन्यातली गोष्ट. रात्री साडेदहाला फोन वाजला. एवढ्या रात्री म्हटल्यावर छातीत धस्सच झालं. फोन न्यू जर्सीहून, धाकट्या बहिणीचा. काळजीचं तसं काही नव्हतं, पण बाईसाहेबांचा आवाज रडवेला. ताई, तू तरी हिला समजाव, असं म्हणून तिनं जे सांगायला सुरुवात केली ते अर्धा तास चाललं.

भाचीला डॉक्टर व्हायचंय. तिच्या हातात दोन पत्रं आली होती. पहिलं सात वर्षांच्या जोड-अभ्यासक्रमाचं. तीन वर्षं कॉलेज, चार वर्षं मेडिकल. मार्क टिकवले की सतराव्या वर्षीच मेडिकलची जागा पक्की. दुसरं पत्र एका चांगल्या कॉलेजचं. तिथे चार वर्षांची पदवी, सोबत ‘प्री-मेड’ म्हणतात ते विज्ञानाचे विषय, मग एमकॅट ही परीक्षा, मुलाखती आणि मिळालं तर मेडिकल. पुढची चार वर्षं वेगळीच. आणि ही पोरगी दुसऱ्या पत्राकडे झुकलेली! एक मेच्या आत कळवायचं होतं. आपल्याकडे बारावी झाली, नीट दिली की थेट एमबीबीएस. मग हातातली जागा सोडून हा लांबचा वळसा कशाला, हा बहिणीचा सवाल.

मी बी.ए. झालेली, घर आणि वस्तीतलं काम सांभाळणारी बाई. मी काय सल्ला देणार? पण त्या रात्री मला मेरी गॅरेट आठवली. आमच्या महिला मंडळात आनंदीबाई जोशींवर बोलायचं होतं, तेव्हा त्या काळातल्या अमेरिकेविषयी वाचताना ही बाई भेटली होती. मैत्रिणींनो, भाची ज्या लांबच्या वाटेनं जायचं म्हणत होती, ती वाट आखण्यात या मेरीचा मोठा हात आहे. आणि ती स्वतः कधी कॉलेजात गेली नव्हती!

मेरी एलिझाबेथ गॅरेटचा जन्म १८५४ सालचा, बाल्टिमोर शहरातला. वडील जॉन गॅरेट हे बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचे अध्यक्ष, म्हणजे त्या काळातलं बडं प्रस्थ. घरात मुलगे होते आणि ही एकुलती मुलगी. हिसाब-व्यवहारातली हुशारी मात्र मेरीत. वडील तिला सेक्रेटरीसारखं बरोबर नेत, मोठमोठ्या बैठकींना बसवत. ही मुलगा असती तर बरं झालं असतं, असं ते बोलून दाखवत म्हणे. आपल्याकडेही हे वाक्य किती घरांत ऐकू येतं, नाही का? १८७६ मध्ये बाल्टिमोरमध्येच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सुरू झालं. वडील त्याचे विश्वस्त, पण मुलींना तिथे दार बंद. मेरीचं कॉलेजात शिकायचं राहूनच गेलं.

१८८४ मध्ये वडील गेले. वाटणीत मेरीच्या नावावर सुमारे वीस लाख डॉलर आले. तिशीतली, अविवाहित आणि अमेरिकेतल्या सगळ्यात श्रीमंत बायकांपैकी एक! दुसरी कुणी दागदागिने, बंगले करत बसली असती. मेरीनं मैत्रिणींना गोळा केलं. त्यांचा शुक्रवारी संध्याकाळी जमणारा छोटा गट होता. १८८५ मध्ये या मैत्रिणींनी बाल्टिमोरमध्ये मुलींची ब्रिन मॉर शाळा काढली. कॉलेजची प्रवेशपरीक्षा पास झाल्याशिवाय शाळेचं प्रमाणपत्र नाही, असा तिथला दंडक. भरतकाम आणि पियानो शिकून बाहेर पडायचे दिवस संपले, हे तिनं कृतीतून सांगितलं.

मग आला खरा कसोटीचा प्रसंग. हॉपकिन्सचं रुग्णालय १८८९ मध्ये उभं राहिलं, पण मेडिकल कॉलेज काढायला पैसाच उरला नाही. विद्यापीठाचा निधी रेल्वेच्या शेअर्समध्ये, आणि त्या शेअर्सवरचा लाभांश बंद झालेला. गंमत बघा, रेल्वे तीच, मेरीच्या वडिलांची! १८९० मध्ये या मैत्रिणींनी गावोगावी समित्या काढून एक लाख डॉलर जमवले आणि विश्वस्तांसमोर ठेवले. अट एकच, मुलींना मुलांच्या बरोबरीनं प्रवेश. विश्वस्तांनी मान्य केलं, पण पाच लाख जमल्याशिवाय कॉलेज नाही म्हणाले. अखेर १८९२ च्या डिसेंबरात मेरीनं स्वतःचे ३,०६,९७७ डॉलर देऊन उरलेली रक्कम पुरी केली.

पण पैसे देऊन गप्प बसेल तर ती मेरी कसली! तिनं अटी वाढवल्या. प्रवेश घेणाऱ्याकडे आधी कॉलेजची पदवी हवी, विज्ञानाची पक्की तयारी हवी, फ्रेंच आणि जर्मन वाचता यायला हवं. त्या वेळी अमेरिकेतल्या बऱ्याच मेडिकल कॉलेजांत शाळा संपवून सरळ जाता येई. एवढी कडक अट घातली तर विद्यार्थी येणार कुठून, या काळजीनं तिथल्या मोठ्या मंडळींनी नरम व्हायला सांगून पाहिलं. खरं तर असा नियम तिथल्याच प्राध्यापकांनी कधीतरी कागदावर लिहून ठेवला होता. मेरीनं तो शब्दशः धरला आणि सोडला नाही. अटी मोडल्या तर पैसे परत, हेही लिहून घेतलं. बायका आल्या म्हणून दर्जा घसरला, असं कुणाला म्हणताच येऊ नये, असा तिचा हिशेब असावा, असं मला वाटतं.

१८९३ च्या ऑक्टोबरात पहिला वर्ग भरला. अठरा विद्यार्थी, त्यांत तीन मुली. पुढे याच कॉलेजातून १९०० मध्ये फ्लॉरेन्स सेबिन बाहेर पडल्या आणि १९१७ मध्ये तिथल्याच पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. १९२७ मध्ये हेलन टॉसिग डॉक्टर झाल्या. जन्मतः हृदयदोषामुळे निळ्या पडणाऱ्या बाळांसाठीची शस्त्रक्रिया १९४४ मध्ये त्यांच्याच कल्पनेतून झाली. १९१० मध्ये फ्लेक्सनर यांच्या अहवालानं हॉपकिन्सचा नमुना सगळ्या देशापुढे ठेवला. आधी कॉलेज आणि मग मेडिकल, ही रीत अशी रुळली. मेरी मात्र फार जगली नाही. बायकांच्या मताधिकारासाठीही तिनं पैसा आणि घर दोन्ही खुलं केलं. १९१५ मध्ये ती गेली, देशातल्या सगळ्या बायकांना मताचा हक्क मिळण्याच्या पाच वर्षं आधी.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे आणि ती मला टोचते. आपल्या आनंदीबाई १८८३ मध्ये, अठराव्या वर्षी, फिलाडेल्फियातल्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात गेल्या. पदवी नव्हती, होतं ते घरचं-शाळेतलं शिक्षण आणि जिद्द. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्यांना मेरीची अट लागली असती तर? कल्याणच्या त्या मुलीला आधी चार वर्षं कॉलेज कुठून परवडलं असतं! एका बाईनं घातलेल्या अटीमुळे श्रीमंत बापाच्या मुलींना दार उघडलं, आणि ज्यांच्याकडे तेवढा पैसा नि वेळ नाही त्यांच्यासाठी उंबरठा उंच झाला. फ्लेक्सनरच्या अहवालानंतर कृष्णवर्णीयांच्या सात मेडिकल कॉलेजांपैकी पाच बंद पडली. दर्जा हवाच, पण त्याची किंमत कोण मोजतं, हेही बघायला हवं. ही जोड-अभ्यासक्रमांची जवळची वाट पुढे १९६० नंतर निघाली, तीही काही वाईट म्हणून नव्हे. एक-दोन वर्षं वाचतात, फी वाचते, मनावरचं ओझं कमी होतं.

दुसऱ्या दिवशी मी भाचीशी बोलले. मेरीची गोष्ट सांगितली, आनंदीबाईंचीही. मग एकच विचारलं, समज शेवटी मेडिकल मिळालं नाही, तर ती चार वर्षं तुला फुकट गेल्यासारखी वाटतील का? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली की तिला इतिहास शिकायचाय, आणि डॉक्टरच व्हायचंय हे आपलं आपल्याला ठरवायचंय, आईबाबांच्या आनंदासाठी नव्हे.

तिनं लांबची वाट धरली. बहीण अजून माझ्यावर जराशी रुसलेली आहे. जागेची खात्री नाही आणि कर्ज वाढणार, ही तिची काळजी खोटी नाहीच. मलाही रात्री कधीतरी वाटतं, आपण उगाच मध्ये पडलो का? पण मग बापाच्या बैठकीत मागे बसून टिपणं काढणारी मेरी डोळ्यांपुढे येते. तिच्याकडे सगळं होतं. स्वतःच्या शिक्षणाचा निर्णय तेवढा तिच्या हातात नव्हता. आमच्या पोरीच्या हातात तो आहे.