बर्थाबाईंचा ब्रेक

गॅरेजमध्ये ब्रेक लायनर बदलून घेताना तुम्ही काय बघता? बिल. मेकॅनिक जुने, घासून पातळ झालेले लायनर कोपऱ्यातल्या डब्यात फेकतो, तुम्ही ‘एवढे कसे झाले हो?’ म्हणत पैसे देता आणि विषय संपतो. पण ब्रेकवर असं बदलता येणारं अस्तर चढवायची युक्ती मोटारीच्या बाबतीत पहिल्यांदा केली ती एका बाईने, असं मानलं जातं. तीही कुठल्या प्रयोगशाळेत नाही, तर माहेरी जाताना, भर रस्त्यात, एका चांभाराच्या दुकानासमोर.

तिचं नाव बर्था बेंझ. हो, मर्सिडीजमधलं बेंझ ते हेच. आडनाव नवऱ्याचं, पण त्या आडनावामागे पैसा लागला तो हिचा.

बर्थाचा जन्म 3 मे 1849 चा, जर्मनीतल्या फोर्ट्‌झहाइम गावचा. घर खातंपितं. लग्न ठरलं ते कार्ल बेंझ नावाच्या इंजिनिअरशी. त्याच्याकडे डोकं होतं, पैसा नव्हता, आणि धंद्यातल्या भागीदाराशी पटतही नव्हतं. बर्थाने काय करावं? लग्नाआधीच हुंड्यातली रक्कम मागून घेतली आणि त्या भागीदाराला पैसे देऊन बाहेर काढलं. 1872 मध्ये लग्न झालं. आपल्याकडे हुंड्यापायी आजही मुलींचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. इथे एका मुलीने तोच पैसा कारखान्यात घातला, आणि तो बुडण्याचीच शक्यता जास्त होती.

पुढची बरीच वर्षं ओढाताणीची गेली. 1879 च्या शेवटच्या रात्री, गाव नव्या वर्षाच्या तयारीत असताना, कार्लचं इंजिन पहिल्यांदा नीट चाललं. 29 जानेवारी 1886 ला त्याने तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंटवर बर्थाचं नाव नव्हतं. मोटार मानहाइमच्या रस्त्यावर धावली, लोकांनी बघितली, आणि बघून घरी गेले. विकत कोण घेणार? घोडागाडी असताना हे फटफटणारं, धूर सोडणारं प्रकरण कशाला? कार्ल स्वभावाने चिकित्सक. अजून हे सुधारू, ते सुधारू, यातच अडकलेला. विक्री करणं हा त्याचा प्रांत नव्हताच.

मग 1888 चा ऑगस्ट उजाडला. शाळांना सुट्ट्या होत्या. एका पहाटे, नवरा झोपेत असताना, बर्थाने 15 वर्षांच्या ऑयगेनला आणि 13 वर्षांच्या रिचर्डला सोबत घेतलं, मोटार शेडमधून बाहेर काढली आणि आईला भेटायला फोर्ट्‌झहाइमला निघाली. कार्लला पत्ताच नाही. अंतर शंभर किलोमीटरच्या जरा वर. म्हणजे जोह्याहून खोपोलीमार्गे पुणं गाठायचं म्हटलं तर साधारण तेवढंच, आणि मध्ये चढउतार आहेतच. त्याआधी ही मोटार कारखान्याच्या आसपासच फिरलेली. पेट्रोल पंप नाही, गॅरेज नाही, रस्ते बैलगाडीच्या लायकीचे.

इंधन संपलं तेव्हा तिने वीसलॉख गावातल्या औषधाच्या दुकानातून डाग काढायला वापरतात ते लिग्रोइन विकत घेतलं. त्या दुकानाला आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवलं जातं. इंधनाची नळी तुंबली, तिने टोपीची पिन घालून मोकळी केली. वायरीचं आवरण झिजलं, तिथे पायमोज्याचा पट्टा गुंडाळला. साखळी लोहाराकडून नीट करून घेतली. चढावर इंजिन दम टाकायचं, की पोरं खाली उतरून ढकलायची.

या गोष्टी बहुतेक लेखांत येतात. मला मात्र त्यातला सगळ्यात मोठा प्रसंग उताराचा वाटतो. चढावर गाडी थांबली तर फार तर उशीर होतो. उतारावर थांबली नाही तर?

त्या मोटारीचा ब्रेक म्हणजे हाताने ओढायचा दांडा आणि मागच्या चाकांवर दाबले जाणारे लाकडी ठोकळे. उतारामागून उतार आले तसे ठोकळे झिजत गेले आणि पकड सुटायला लागली. गाडीत दोन मुलं बसलेली. बर्था बाउश्लॉट गावात थांबली आणि तिथल्या चांभाराकडून त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. चामड्याची पकड लाकडापेक्षा बरी, आणि झिजलं तर चामडंच बदलायचं, ठोकळा शाबूत. तुमच्या बाइकच्या ड्रमवर आज जो लायनर असतो, त्यामागची कल्पना हीच. आता त्यात चामडं नाही, एवढंच.

इथे जरा आपल्या रस्त्यावर येऊ. पेण-रोह्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून थंडीत ब्रेककडे बघायचं कुणाला सुचत नाही. पण पावसाळाभर चिखलपाण्यातून गाडी हाणलेली असते, खाडीचा खारा वारा लोखंड खात असतो. रात्रभर दवात उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो. सकाळचे पहिले दोन-तीन ब्रेक खरखरतात आणि कमी लागतात. म्हणून निघाल्या निघाल्या, रस्ता रिकामा बघून, हळू वेगात ब्रेक दोन-चारदा दाबून बघा. पॅड तीन मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर बदला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट फोर जातीचं नवं ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरला की हा आकडा 155 पर्यंत खाली येऊ शकतो. मग घाटात सतत ब्रेक दाबून ते तापलं की त्यात वाफ होते आणि पेडल नुसतंच आत जातं. त्यामुळे साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, आणि बोरघाट किंवा ताम्हिणी उतरताना खालच्या गिअरमध्ये राहायचं. स्कूटरवाल्यांनी केबलला तेल दिलंय का तेही बघावं. पोपटीचा सीझन म्हणजे तुम्ही रात्री उशिरा तिघं-तिघं बसून वडखळ-नागोठण्याच्या धुक्यातून परत येणार. (तिघं बसू नका, हे सांगूनही उपयोग नाही, तरी सांगतो.) जोह्याच्या कारखान्यांतून मूर्ती भरून निघालेला टेम्पोवाला बघा, तो गतिरोधकाच्या कितीतरी आधीपासून वेग कमी करत येतो. मागे गणपती आहेत, अचानक ब्रेक मारून चालणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

बर्था संध्याकाळी अंधार पडता पडता माहेरी पोचली आणि नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी मोटार चालवतच परत आली. आल्यावर तिने काय काय अडलं ते कार्लला सांगितलं. चढासाठी आणखी एक खालचा गिअर हवा, हे त्यातलं एक. कार्लने तो बसवला. म्हणजे एका अर्थाने ही जगातली पहिली लांब पल्ल्याची टेस्ट ड्राइव्ह. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात मोटारीला सुवर्णपदक मिळालं आणि हळूहळू गिऱ्हाईक येऊ लागलं.

पुढे कारखाना वाढला, मतभेद झाले, कुटुंब लाडेनबुर्गला गेलं. 1926 मध्ये बेंझ आणि डाइमलर या कंपन्या एक झाल्या. 1929 मध्ये कार्ल गेला. बर्था त्याच्यानंतर पंधरा वर्षं जगली. कार्ल जिथे शिकला त्या कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाने तिला मानद सिनेटर केलं ते 3 मे 1944 ला, तिच्या 95 व्या वाढदिवशी. दोन दिवसांनी, 5 मे रोजी, लाडेनबुर्गच्या घरी ती वारली.

2008 पासून मानहाइम ते फोर्ट्‌झहाइम हा तिचा रस्ता पाट्या लावून जपलेला आहे. तो बाउश्लॉटवरूनही जातो.