बर्ट मन्रो आणि माझा घसरणारा क्लच

सेकंड इयरला बाबांची जुनी मोटारसायकल हॉस्टेलवर आणली आणि पहिल्याच चढावर तिने मान टाकली. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन बोंबलायचं, गाडी मात्र तिथंच! भंगारात घाल, असा सल्ला खुद्द बाबांनीच दिला. त्याच आठवड्यात रूमवर ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हा २००५ चा सिनेमा पाहिला. यातली ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकन मोटारसायकल बरं का, आपल्यातलं कुणी नव्हे.

बर्ट मन्रो न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिलचा, जन्म १८९९. १९२० साली त्याने इंडियन स्काउट घेतली. ६०० सीसी, टॉप स्पीड ताशी ५५ मैल. पठ्ठ्याला ते पुरेना. पुढे कित्येक दशकं तो तीच गाडी खोलत नि जोडत राहिला. पैसा बेताचा, म्हणून पार्ट जुन्या डब्यांत स्वतःच ओतायचा. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून काढलेले, मायक्रोमीटर जुन्या स्पोकचा! (वर्कशॉपमध्ये व्हर्नियर असून आमचा जॉब बसत नाही, ते सोडा.) मोडक्या पार्टची त्याने फळी मांडली होती, वेगाच्या देवाला नैवेद्य म्हणून.

इंजिनची ताकद वाढली की मूळचा क्लच घसरणारच. घर्षणाचे पृष्ठभाग वाढवा, नाहीतर स्प्रिंगचा दाब. मन्रोने दोन्ही केलं : सतरा प्लेटा आणि हजार पौंड दाब.

माझं दुखणं साधं होतं. केबल इतकी ताणलेली की लिव्हरला फ्री प्लेच नव्हता, क्लच कायम अर्धवट दाबलेला. ती सैल केली, तरी घसरणं थांबेना. कव्हर खोललं तर फ्रिक्शन प्लेटा गुळगुळीत, स्टीलच्या तापून निळ्या. नवा सेट रात्रभर तेलात भिजवून बसवला. स्प्रिंगाही आखूड झाल्या होत्या, त्या बदलल्या. मेसचे पैसे त्यातच गेले.

१९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, मन्रोने अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर १००० सीसीच्या आतल्या गटात ताशी १८३.५८६ मैलांचा विक्रम केला. गाडी तीच, १९२० ची! १९७८ मध्ये तो गेला. सरासरी काढताना झालेली चूक नंतर त्याच्या मुलाने पकडली आणि २०१४ मध्ये आकडा १८४.०८७ झाला, म्हणजे ताशी २९६ किलोमीटर. मेल्यावरही स्पीड वाढलेला दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

दिवाळीला मी त्याच गाडीवर घाट चढून घरी गेलो. बाबांनी काही न बोलता चावी मागितली, ते चांगले तासाभराने परतले.