महाद्वाराबाहेरचे चोखोबा

आज आषाढी शुद्ध एकादशी. दशमीला वाखरीचा तळ सोडून संतांच्या पालख्या पंढरीत प्रवेशल्या आणि चंद्रभागेचे वाळवंट टाळमृदंगांच्या घोषाने दुमदुमून गेले. अशा पर्वणीला लेखणी हाती धरणाऱ्याने श्रीविठ्ठलाच्या समचरणांचे वर्णन करावे, हीच वाचकांची अपेक्षा असणार. परंतु आम्ही आज वाचकांना गाभाऱ्यात नेणार नाही. महाद्वारासमोर, नामदेवांच्या पायरीच्या पुढ्यात एक लहानशी समाधी आहे. तेथेच क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. ती समाधी श्रीसंत चोखामेळा यांची.

याला निमित्त घडले ते एका प्रश्नाचे. काही वर्षांपूर्वी एका गावी आम्ही चोखोबांचे आख्यान लावले होते. उत्तररंगात प्रसंग चांगला रंगला, श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी आले, आरती झाली. मंडळी पांगल्यावर एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत आमच्यापाशी आले. नमस्कार करून त्यांनी विचारले की, महाराज, ज्या देवाने चोखोबांसाठी बैलांची शिंगे धरली, त्याने मंगळवेढ्याची भिंत का धरली नाही? आम्ही प्रारब्धाचा सिद्धांत सांगितला, दोन शास्त्रवचनांचा आधार दिला. त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले, पुन्हा नमस्कार केला आणि ते निघून गेले. उत्तर त्यांना पटले नव्हते. खरे सांगायचे तर आम्हालाही पटले नव्हते.

चोखोबा हे नामदेवरायांचे समकालीन आणि त्यांचेच शिष्य. त्यांचे जन्मस्थान कोणी विदर्भातील देऊळगाव राजाजवळचे मेहुणा राजा सांगतात, कोणी मंगळवेढे मानतात. आयुष्याचा मोठा भाग मंगळवेढ्यास आणि पंढरीच्या परिसरात गेला, याविषयी मात्र परंपरेचे एकमत आहे. जन्म महार कुळातला. गावची राखण करावी, निरोप पोहोचवावेत, मेलेली गुरे ओढावीत, गावकूस पडले तर बांधावयास जावे, आणि या सर्वांच्या मोबदल्यात मिळेल ते शिळेपाके पदरात घ्यावे, असा तो जीवनक्रम होता. चोखा या शब्दाचा अर्थ निर्मळ, शुद्ध. ज्याच्या सावलीचाही विटाळ समाजाने मानला, त्याचे नावच शुद्ध असावे, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

त्यांचे सारे घर विठ्ठलभक्तीत रंगलेले होते. पत्नी सोयराबाई, भगिनी निर्मळा, मेहुणे बंका आणि पुत्र कर्ममेळा या सर्वांनी अभंगरचना केली. चोखोबांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आज उपलब्ध आहेत. अक्षरओळख ज्यांना वर्ज्य होती त्यांची ही वाणी टिकली कशी, असा प्रश्न साहजिकच पडतो. परंपरा सांगते की अनंतभट्ट नावाच्या एका ब्राह्मणाने चोखोबांचे अभंग उतरून घेतले. एकाला लिहिता येत नव्हते, दुसऱ्याने लेखणी दिली. त्या काळोखात हा एक दिवा होता, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

आम्ही जन्मभर संस्कृत ग्रंथांचे अध्ययन केले. श्रीमद्भागवतात प्रल्हादाच्या मुखी असा आशय आला आहे की, भगवंताला विन्मुख असलेल्या सर्वगुणसंपन्न विप्राहून भगवंताला सर्वस्व अर्पण केलेला श्वपच श्रेष्ठ होय. नारदांच्या भक्तिसूत्रांत भक्तांमध्ये जाती, विद्या, रूप, कुल, धन यांचा भेद नसतो, असे सूत्ररूपाने सांगितले आहे. त्याच वेळी मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडालाची वस्ती गावाबाहेर असावी, असाही दंडक आहे. दोन्ही पोथ्या एकाच दप्तरात बांधलेल्या होत्या. भागवताचे पारायण देवळात चालले आणि मनूचा दंडक देवळाच्या दारात चालला. कोणती पोथी कोठे सोडायची, हे देवाने ठरविले नव्हते. ते माणसांनी ठरविले होते. हे लिहिताना आमचा शास्त्राभिमान आम्हाला अडवितो, तरीही सत्य लपविणे हा शास्त्राचाच द्रोह ठरेल.

चोखोबांच्या चरित्रातील प्रसंग महिपतिबुवा ताहराबादकरांनी अठराव्या शतकात ओवीबद्ध केले. त्यांचा भक्तविजय ग्रंथ शके १६८४ मध्ये, म्हणजे इ. स. १७६२ मध्ये पूर्ण झाला. आम्ही कीर्तनकार ज्या कथा सांगतो त्या प्रायः या परंपरेतल्या. कथा अशी की, महाद्वारातून दुरूनच दर्शन घेणाऱ्या चोख्याला एके रात्री देवाने हाताला धरून गाभाऱ्यात नेले. पहाटे पुजाऱ्यांना आत चोखा दिसला आणि कल्लोळ उडाला. देवाचा हार त्याच्या गळ्यात सापडला, म्हणून चोरीचा आळ आला. त्याला बैलांना बांधून ओढण्याची शिक्षा झाली, पण बैल जागचे हलेनात, कारण पांडुरंगाने त्यांची शिंगे धरली होती. पुढे चोख्याला चंद्रभागेच्या पैलतीरी घालवून देण्यात आले. तेथे त्याने दीपमाळ उभारली आणि तिच्या उजेडात देवळाच्या दिशेने हात जोडले. देव नदी ओलांडून त्याच्या झोपडीत जेवावयास गेला. सोयराबाईंच्या हातून दही सांडून देवाचा पीतांबर भिजला. त्याच वेळी चोख्याच्या तोंडात मारलेल्या चपराकीने गाभाऱ्यातील मूर्तीचा गाल सुजला.

या कथा ऐकून श्रोते गहिवरतात. परंतु एक गोष्ट आमच्याही लक्षात फार उशिरा आली. या साऱ्या चमत्कारांत देवाला प्रत्येक वेळी चोरून वागावे लागते. तो रात्री नेतो, नदीपलीकडे जाऊन जेवतो, मार खातो. पण भर दिवसा महाद्वार उघडून चोख्याला आत घेत नाही. कथा रचणाऱ्या भाविकांनाही ते दार उघडलेले कल्पिता आले नाही. यातच त्या युगाची खरी साक्ष आहे. आणि चमत्कार बाजूला ठेवले तरी चोखोबांच्या स्वतःच्या अभंगांत तक्रार स्पष्ट आहे. विठूचा हार तुझ्या गळ्यात कसा आला, असे विचारीत बडवे आपणास मारीत आहेत, तेव्हा धावून यावे, असा धावा त्यांनी केला आहे. ही कथा नव्हे, मार खाणाऱ्या माणसाची हाक आहे.

त्यांच्या वाणीत दोन सूर आहेत. कोठे ते आपल्या हीन मानलेल्या जन्माचे कारण पूर्वजन्मीच्या दोषात शोधतात. तर कोठे ऊस, नदी आणि धनुष्य यांचे दाखले देऊन विचारतात की, बाहेरच्या वाकडेपणावरून आतला रस, पाणी अथवा बाण यांची पारख का करता? सोयराबाई त्याही पुढे जातात. विटाळावाचून देहाची उत्पत्तीच नाही, मग सोवळा कोण आणि ओवळा कोण, असा त्यांचा रोकडा विचार आहे. पुत्र कर्ममेळा तर प्रत्यक्ष देवालाच जाब विचारतो. उष्टे खाण्यात जन्म गेला, याची तुला लाज कशी वाटत नाही, असे तो म्हणतो. पित्याच्या वाणीतील शरणागती पुत्राच्या वाणीत प्रश्न होऊन उभी राहिली. आम्ही कीर्तनांत पित्याचे अभंग पुष्कळ गातो. पुत्राचे क्वचितच गातो.

शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८. दामाजीपंत आणि कान्होपात्रा यांच्यामुळेही प्रसिद्ध असलेल्या मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालले होते. चोखोबांना इतर मजुरांसमवेत त्या वेठीवर जावे लागले. काम चालू असता भिंत कोसळली आणि मजूर तिच्याखाली गाडले गेले. चोखोबा त्यांतच गेले. ज्या कुसाच्या आत राहण्याचा त्यांना अधिकार नव्हता, ते कूस उभारताना त्यांचा अंत झाला. ही वार्ता पंढरीत पोहोचली तेव्हा नामदेव मंगळवेढ्यास गेले. मातीच्या त्या ढिगाऱ्यात अनेकांच्या अस्थी मिसळल्या होत्या. नामदेवांनी एकेक अस्थी कानाशी धरली आणि ज्यांतून विठ्ठलनाम उमटले त्या चोखोबांच्या म्हणून वेचून घेतल्या. त्या पंढरीस आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधण्यात आली.

येथपर्यंत आम्ही सांगतो, टाळ्या होतात, आख्यान संपते. वस्तुतः कथा येथे संपत नाही. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम उमटले, त्यांनाही आत जागा मिळाली नाही. नामदेवांनी प्रेमाने आणलेला भक्त दारात राहिला. पुढे तर याहून कठोर गोष्ट घडली. अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंनी चोखोबांच्या समाधीपर्यंतच यावे, त्यापलीकडे पाऊल टाकू नये, असा रिवाज पडला. संताची समाधी ही अडविण्याची खूण झाली. शतकानुशतके त्याच्या जातभाईंनी शेकडो मैल चालत यावे, त्या दगडावर डोके टेकावे आणि कळसाकडे पाहून परत फिरावे, असे चालले.

हे दार उघडले ते १९४७ साली. त्यासाठी साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून जनमत जागविले आणि १ मे १९४७ रोजी पंढरीत उपोषण आरंभिले. दहा दिवस प्राण पणाला लावल्यावर मंदिरप्रवेशाचा मार्ग मोकळा झाला. त्या वेळी काही सनातन्यांनी मूर्तीतील देवत्व घागरीत काढून घेतल्याची हकीकत आम्ही बालपणी वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे. माणूस आत येतो म्हणून देव बाहेर काढावा, या बुद्धीला काय म्हणावे? चोखोबांची समाधी झाली तेव्हापासून हे दार उघडेपर्यंत सहाशे नऊ वर्षे लोटली होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला १९४८ सालचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. पुढे १९५६ साली नागपूरला त्यांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्या समाजातील अनेकांना आज चोखोबांची शरणागती मान्य नाही. त्यांच्या या दुराव्याबद्दल आम्हा वारकऱ्यांस दुःख वाटते, परंतु राग मानण्याचा अधिकार आम्हाला नाही. ज्याला सहाशे वर्षे दारात उभे केले, तो कंटाळून निघून गेला तर दोष जाणाऱ्याचा नव्हे.

आता त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू. देवाने भिंत का धरली नाही? आम्ही प्रारब्धाचे नाव घेतले ते चुकले. प्रारब्धाने चोखोबांना वेठीवर धाडले नव्हते. गावाच्या रीतीने धाडले होते. ती रीत आमच्या पूर्वजांनी चालविली, आमच्या शास्त्र्यांनी समर्थिली आणि आम्ही कीर्तनकारांनी तिच्यावर चमत्कारांचा शेला पांघरला. भिंत माणसांची होती. ती धरण्याचे काम माणसांचे होते, आणि ती माणसे जवळच होती. ते गृहस्थ आम्हाला पुन्हा भेटले नाहीत. भेटते, तर हेच उत्तर दिले असते आणि आधीच्या उत्तरासाठी त्यांची क्षमा मागितली असती.

तेव्हापासून आम्ही चोखोबांचे आख्यान लावतो तेव्हा अस्थींतील नामाआधी भिंतीची आणि वेठीची हकीकत सांगतो. सोयराबाईंचा विचार सांगतो, कर्ममेळ्याचा प्रश्नही सांगतो. काही श्रोत्यांना ते रुचत नाही. सणावाराला हे कशाला, असे एक-दोघांनी बोलूनही दाखविले. आमचे म्हणणे इतकेच की, एकादशीचे व्रत चित्तशुद्धीसाठी आहे आणि झाकून ठेवलेल्या दोषाची शुद्धी होत नाही. आज जे भाविक महाद्वारापाशी येतील, त्यांनी चोखोबांच्या समाधीवर डोके ठेवताना एवढे जरूर आठवावे की, हा भक्त येथे आपल्या इच्छेने थांबलेला नाही. आणि गावी परतल्यावर आपल्या गावात, आपल्या देवळात, आपल्या घराच्या उंबऱ्याशी अजून कोणाला बाहेर उभे केले जात आहे काय, ते पाहावे. तसा कोणी आढळला तर त्याला हाताला धरून आत घ्यावे, आणि तेही रात्री चोरून नव्हे, भर दिवसा.